पाचवं तिकीट



मागच्या महिन्यात इथंच बसून मी तुमच्याशी लेकीकडच्या सहा महिन्यांबद्दल थोडं बोलले होते. तिथली भाजी, दूध, थंडी, असलं सगळं. त्यानंतर बऱ्याच जणींनी विचारलं, "काकू, बघितलं काय काय तिकडं?" मी म्हटलं, स्टेडियम बघितलं. तर हसल्या. त्यांना वाटलं मी डिस्नेलँडचं नाव घेणार. पण खरंच सांगते, मला त्या सगळ्या मुक्कामात लक्षात राहिलं ते बेसबॉलचं मैदान. आणि त्यातही खेळ कमी, खुर्च्या जास्त. कुणी कुठं बसायचं आणि त्याचे किती पैसे द्यायचे, याचाच पाढा आमच्या घरात दोन दिवस चालला होता.

आधी घरचं सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

आमचे हे क्रिकेटवेडे. १९७५ च्या जानेवारीत मुंबईला वानखेडे स्टेडियमवर पहिली टेस्ट झाली, वेस्ट इंडीजची, ती बघायला हे कराडहून गेले होते. तेव्हा आमचं लग्न व्हायचं होतं. त्या मॅचमध्ये क्लाइव्ह लॉइडने नाबाद २४२ केले, हे मी लग्नानंतर इतक्या वेळा ऐकलंय की मीच ते बघून आल्यासारखी सांगू शकते. आणि ते वानखेडे का बांधलं माहीत आहे का? मला यांनीच सांगितलं होतं. आधी मॅच ब्रेबॉर्न स्टेडियमवर व्हायच्या. ते क्लबचं मैदान. मॅचची किती तिकिटं क्लबच्या सभासदांना आणि किती मुंबईच्या क्रिकेट संघटनेला, यावरून वर्षानुवर्षं वाद. शेवटी संघटनेनं हाकेच्या अंतरावर स्वतःचं वेगळं स्टेडियमच उभं केलं. बघा, खुर्च्यांवरून भांडण कुठवर जातं.

लग्नानंतरही हे जायचे. १९८७ च्या वर्ल्ड कपची सेमी फायनल बघायला मित्रांबरोबर गेले, आपण हरलो ती. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, उकडलेले बटाटे असा चार जणांचा डबा मी पहाटे उठून बांधून दिला होता. मला कुणी "येतेस का?" म्हणून विचारलं नाही, आणि खोटं कशाला बोलू, मलाही कधी आपण जावं असं वाटलं नाही. ते आपल्यासाठी नसतंच असं धरून चाललेलं.

चार वर्षांपूर्वी यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली. बोलणं आता हळूहळू, दोन-तीन शब्दांचं. चाकाची खुर्ची आली. टीव्हीवर मॅच बघतात, पण स्टेडियम संपलं, असं आम्ही सगळ्यांनीच मनाशी ठरवून टाकलं होतं.

लेक लॉस एंजेलिसला असते. आम्ही गेलो तेव्हा उन्हाळा होता आणि तिथं बेसबॉलचा हंगाम चालू होता. एक दिवस टीव्हीवर मॅच लागलेली. हे बघत बसले. त्यात फेकणारा फेकतो, मारणारा मारतो, झेल घेतात, एवढं तर कळतंच. नातवानं बाकीचं सांगितलं. नऊ डाव, प्रत्येक डावात दोन्ही संघांचे तीन-तीन जण बाद. हे एकदम म्हणाले, "मैदान... बघू." दोनच शब्द. पण झटक्यानंतर यांनी स्वतःहून कुठं जाऊया म्हटलेलं ते पहिल्यांदा. लेकीनं लगेच फोन हातात घेतला.

आणि इथून आमची तिकिटांची शाळा सुरू झाली.

त्या फोनवर स्टेडियमचा नकाशा येतो. डॉजर स्टेडियम त्याचं नाव, १९६२ साली उघडलेलं, छप्पन्न हजार माणूस मावतं. बेसबॉलच्या मोठ्या स्टेडियमांमध्ये सगळ्यात जास्त जागा तिथंच. नकाशावर प्रत्येक खुर्चीचा ठिपका आणि त्या ठिपक्यावर बोट ठेवलं की किंमत.

आता क्रिकेटचं मैदान गोल असतं, मधोमध पिच. बेसबॉलचं तसं नाही. हाताचा पंजा उघडा पसरून धरा. मनगटापाशी फलंदाज उभा राहतो, त्या जागेला होम प्लेट म्हणतात. अंगठा आणि करंगळी या दोन बाजूंच्या रेषा, आणि बोटांच्या टोकांना लांबचं कुंपण. खेळातलं निम्म्याहून अधिक काम मनगटाच्या आसपास चालतं. म्हणून होम प्लेटच्या मागे, जमिनीलगत बसायचं तर सगळ्यात महाग. तिथून रेषेच्या बाजूनं जसजसं लांब जाल तसा भाव उतरतो. कुंपणापलीकडे, बोटांच्या टोकाला बसाल तर स्वस्त. आणि जितकं वर चढाल तितकंही स्वस्त.

या स्टेडियममध्ये खुर्च्यांना मजल्याप्रमाणे रंग आहेत. खालचा मजला पिवळा, त्याच्यावर फिकट नारिंगी, मग हिरवट निळा, आणि सगळ्यात वर आभाळी. नातू म्हणाला, आजी, पिवळ्यात श्रीमंत लोक बसतात. मी म्हटलं, आणि आभाळीत? तर म्हणे, आपण.

पण गंमत ऐका. हे स्टेडियम डोंगरउतारावर बसवलेलं आहे. आपल्याकडे टेकडीवर घरं असतात ना, मागच्या दारानं गेलं तर थेट माडीवर निघतो, तसं. गाडी उतारावरून वर न्यायची, आणि ज्या मजल्याचं तिकीट त्या मजल्याच्या पातळीला उतरायचं. सगळ्यात वरच्या, सगळ्यात स्वस्त मजल्याला जायला जिना चढावा लागत नाही. मला गुडघ्यांचा त्रास, यांची चाकाची खुर्ची. महाग जागा म्हणजे सोयीची आणि स्वस्त म्हणजे दमछाक, असं जे मी गृहीत धरलं होतं ते तिथं चुकलं. आणि वरून दिसतं काय? कुंपणापलीकडे ताडाची झाडं आणि त्यामागे डोंगरांची रांग.

ही जागा मात्र अशी सहज मोकळी मिळालेली नाही. तिथं आधी वस्ती होती. मेक्सिकोकडून आलेल्या कष्टकरी लोकांची, कोंबड्या-शेळ्या पाळणारी. १९५० च्या सुमाराला सरकारनं त्यांना उठवलं, म्हणे गरिबांसाठी घरं बांधायची आहेत. ती घरं काही झाली नाहीत. जमीन फिरत फिरत स्टेडियमला गेली. शेवटची घरं मे १९५९ मध्ये रिकामी केली, तेव्हा एका बाईला चार पोलिसांनी हातापायाला धरून उचलून बाहेर काढलं. त्याचा फोटो प्रसिद्ध आहे, लेकीनं मला दाखवला. मी कोयनेच्या पट्ट्यातली. धरणात गाव गेलेल्या बायका माझ्या माहेरच्या आळीत राहायला आल्या होत्या. मला तो फोटो फार वेळ बघवला नाही.

तर तिकिटं.

पूर्वी तिथं भावाची भानगड नव्हती. हा संघ १९५८ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधून लॉस एंजेलिसला आला, तेव्हा चांगल्या जागेला साडेतीन डॉलर, मधल्या राखीव जागेला अडीच, आणि साध्या जागेला दीड, असे दर ठरले. ते १९७५ पर्यंत, अठरा वर्षं तसेच राहिले. मालकाचा हिशेब असा की घरातल्या सगळ्यांना परवडलं पाहिजे. एक मॅच आणि दुसरी मॅच यात भावाचा फरक नाही.

आता तसं नाही. प्रत्येक संघ वर्षाला १६२ मॅच खेळतो, त्यातल्या ८१ घरच्या मैदानावर. मंगळवारी रात्रीची मॅच आणि शनिवारची मॅच सारखी कशी? समोर जुना हाडवैरी संघ असेल तर गर्दी, नसेल तर नाही. डॉजर्सकडे ओहतानी नावाचा जपानी खेळाडू आहे, फेकतोही आणि मारतोही. त्याची मान हलणारी बाहुली ज्या दिवशी फुकट वाटतात त्या दिवशी तिकीट पेटतं. बाहुलीसाठी लोक दुपारपासून रांगेत, हे मी स्वतः बातम्यांमध्ये बघितलं. सॅन फ्रान्सिस्कोच्या संघानं २००९ मध्ये दोनेक हजार खुर्च्यांवर एक प्रयोग केला. मागणी बघून रोज भाव बदलायचा. पुढच्या वर्षी त्यांनी सगळ्याच खुर्च्यांना तो लावला आणि मग बाकीच्या संघांनी उचलला.

आपल्याला यात नवं काही नाही. मंडईत सकाळी टोमॅटोचा एक भाव, संध्याकाळी पाटी उतरवायच्या वेळी दुसरा. तिथंही तसंच. ज्यांनी अख्ख्या हंगामाची तिकिटं घेतलेली असतात त्यांना प्रत्येक मॅचला जमत नाही, ते आपली तिकिटं विकायला काढतात. मॅच सुरू व्हायच्या दोन-चार तास आधी कधी कधी भाव चांगला पडतो. लेकीच्या शेजारची बाई नेहमी तशीच घेते. पण हे पाच मोकळ्या माणसांना जमतं. आम्हाला जमणार नव्हतं, ते का ते सांगते.

त्याआधी एक चांगली गोष्ट. पूर्वी म्हणे खुर्चीची किंमत एक दिसायची आणि पैसे भरायच्या वेळी सेवा शुल्क, सोयीचं शुल्क, अमुक शुल्क असं करत आकडा वाढत जायचा. कॅलिफोर्नियात १ जुलै २०२४ पासून कायदा आला की सक्तीची शुल्कं धरूनच किंमत सुरुवातीला दाखवायची. मे २०२५ पासून देशभरातल्या कार्यक्रमांच्या तिकिटांनाही तसा नियम लागू झाला. त्यामुळे आम्हाला जो आकडा दिसला तोच भरावा लागला. मंगल कार्यालय ठरवताना आपल्याकडे वीज वेगळी, पाणी वेगळं, खुर्च्या वेगळ्या असं जे होतं, ते आठवलं.

आता चाकाच्या खुर्चीचं. मला वाटलं होतं, असेल कुठंतरी कोपऱ्यात एक रॅम्प आणि तिथं सगळ्या आजारी माणसांना एकत्र बसवत असतील. तसं नाही. तिथं १९९० चा अपंगांच्या हक्कांचा कायदा आहे आणि २०१० मध्ये तिकीटविक्रीचे नियम त्यात नीट बारकाईनं लिहिले. मी लेकीकडून वाचून घेतले. चाकाच्या खुर्चीची जागा प्रत्येक किमतीत मिळाली पाहिजे, फक्त महागात किंवा फक्त स्वस्तात नाही. एखादा स्वस्त भाग पायऱ्यांमुळे जमण्यासारखा नसेल तर दुसरीकडची जागा त्याच स्वस्त दरात द्यायची. सगळ्यांना ज्या दिवशी, ज्या खिडकीवर, ज्या फोनवर तिकीट मिळतं, तिथंच आणि तेव्हाच यांनाही मिळालं पाहिजे. आणि मला सगळ्यात नवल वाटलं ते हे, की डॉक्टरचा दाखला मागता येत नाही. आपल्याकडे यांचं युडीआयडी कार्ड काढायला मी किती खेपा घातल्या ते माझं मला माहीत. कार्डाचं महत्त्व मी नाकारत नाही, २०१६ चा आपलाही कायदा चांगला आहे. पण मॅच बघायला आलेल्या माणसाला "तुम्ही खरंच लंगडे आहात का?" असं विचारायचं नाही, हे बरं वाटलं.

आणि एक नियम असा. चाकाच्या खुर्चीच्या एका जागेबरोबर, त्याला लागून, सोबतच्या तीन माणसांपर्यंत जागा घेता येते. तीन. आम्ही होतो पाच जण. हे, मी, लेक, जावई आणि नातू.

बघा आता. चाकाच्या खुर्चीच्या जागा मुळातच मोजक्या. म्हणून शेवटच्या दिवसाची वाट बघून चालणार नव्हतं. लेकीनं तिसऱ्या मजल्यावरची, त्या हिरवट निळ्या खुर्च्यांमधली, थर्ड बेसच्या बाजूची जागा शोधली. बुधवारची मॅच. तिकीट माणशी चाळीस डॉलरच्या आसपास, म्हणजे आपले तीन हजार रुपयांच्या वर. चार जागा शेजारी शेजारी. पाचवी लागून मिळेना.

आणि मी काय म्हणाले असेन? तुम्ही ओळखलंच. "मी राहते घरी. मला काय कळतंय त्यातलं. तुम्ही चौघं जा, मी स्वयंपाक करून ठेवते."

जावईबापू म्हणाले, नको, मी राहतो. लेक म्हणाली, मग गाडी कोण चालवणार, बाबांना कोण उचलणार. नातू गप्प, कारण त्याला भीती की वय लहान म्हणून आपलंच नाव कटेल. दोन दिवस हे चाललं. मंगळवारची बघू, पुढच्या आठवड्यातली बघू. दोन दिवसांनी फोन उघडला तर त्याच खुर्च्या सहा-सात डॉलरनी वाढलेल्या. मी म्हटलं, माझं ऐकलं असतं तर पैसे वाचले असते. लेक एकदम चिडली. म्हणाली, "आई, तुला न्यायचं नसतं तर आम्ही परवाच काढली असती तिकिटं. कुणासाठी थांबलोय?"

मी काही बोलले नाही. हे तिथंच बसले होते. डाव्या हातानं बाजूच्या सोफ्यावर दोनदा थोपटलं आणि म्हणाले, "ही... इथं."

झालं. चार जागा लागून घेतल्या आणि जावईबापूंचं पाचवं तिकीट त्याच भागात दोन रांगा मागे मिळालं. एवढीशी गोष्ट. मी उगाच दोन दिवस घातले त्यात आणि वर तीस-पस्तीस डॉलर जास्त.

थर्ड बेसचीच बाजू का, तेही सांगते, कुणी गेलात तर उपयोगी पडेल. उन्हाळ्यात तिथं संध्याकाळी आठपर्यंत उजेड असतो. मॅच सात वाजून दहा मिनिटांनी सुरू. बेसबॉलची मैदानं शक्यतो अशी आखतात की मारणाऱ्याच्या डोळ्यात मावळतीचं ऊन जाऊ नये. त्यामुळे त्या स्टेडियममध्ये मावळतीचा सूर्य थर्ड बेसच्या बाजूच्या मागे जातो. तिथं सावली लवकर येते, समोरच्या बाजूला मात्र लोक कपाळावर हात धरून बसलेले. रविवारी दुपारी एकची मॅच असेल तर फरक फारच जाणवेल. आपण एसटीत बसताना ऊन कुठल्या बाजूनं येणार ते बघतो ना? तसंच.

दुसरं, चेंडूचं. बेसबॉलचा चेंडू कडक असतो आणि चुकीचा लागला की प्रेक्षकांत येतो. लोकांना तो झेलायची हौस, हातमोजे घालून येतात. पण २०१८ मध्ये याच स्टेडियममध्ये होम प्लेटच्या मागे दुसऱ्या मजल्यावर बसलेल्या ७९ वर्षांच्या आजींच्या डोक्याला चेंडू लागला आणि चार दिवसांनी त्या गेल्या. पुढच्या हंगामात जाळ्या वाढवल्या. म्हणून म्हातारं माणूस किंवा कडेवरचं मूल बरोबर असेल तर जवळच्या जागेचा मोह धरू नये, जाळीच्या मागे किंवा चांगलं लांब, वर बसावं. पैसेही कमी पडतात.

तिसरं, मोरी. हसू नका. बायकांच्या मोरीची रांग तिथंही मोठी. खेळाच्या मध्येच, कुणी उठत नाही तेव्हा जाऊन यायचं. चाकाच्या खुर्चीच्या जागा मागच्या रुंद वाटेला लागून असतात, त्यामुळे आमची सोय झाली. २०२३ पासून फेकणाऱ्याला घड्याळ लावलंय, ठरावीक सेकंदांत चेंडू टाकायचाच. त्यामुळे मॅच आता पावणेतीन तासांच्या आत-बाहेर आटपते. यांना तेवढंच बसवतं.

खाण्याचं म्हणाल तर तिथं सॉसेज घातलेला लांब पाव प्रसिद्ध, आपल्या कामाचा नाही. पण घरून डबा नेता येतो, फक्त आरपार दिसणाऱ्या पिशवीत. मी धपाटे आणि चटणी नेली. तपासणीला उभा असलेल्या पोरानं पिशवी उचलून बघितली, मला वाटलं काढून घेतोय, तर हसून परत दिली. आणि मैत्रिणींनो, बेसबॉलचा खरा खाऊ कुठला असेल? भाजलेल्या शेंगा. टरफलासकट. पूर्वी विकणारा जिन्यावर उभा राहून पुडा फेकायचा, दहा-पंधरा माणसांच्या डोक्यावरून, आणि घेणारा झेलायचा. पैसे हातोहात माणसा-माणसांतून त्याच्याकडे जायचे. मागच्या रांगेतून जावईबापूंनी एक पुडा मागवला, तो माझ्या हातात आणून दिला. यांनी डाव्या हातानं एक शेंग फोडली, चावली आणि म्हणाले, "आपली... बरी." ते खरं होतं. आपल्या शेंगेला तेल जास्त.

आम्ही बसलो ती जागा रांगेच्या मागे, जरा उंच. पुढचे लोक उठून उभे राहिले तरी यांना मैदान दिसत होतं. हे आपोआप होत नाही. पुढचा माणूस उभा राहिला तरी चाकाच्या खुर्चीतल्याला त्याच्या डोक्यावरून दिसलं पाहिजे, अशी उंची ठेवायची असते. २०२२ मध्ये तिथल्या सरकारच्या न्याय खात्यानं शिकागोच्या संघावर दावा लावला, जुन्या मैदानाची दुरुस्ती करताना अशा जागा नीट ठेवल्या नाहीत म्हणून. मला हे फार पटलं. मॅचमध्ये बघण्यासारखं घडतं तेव्हाच सगळे उठतात. नेमकं तेव्हाच दिसलं नाही तर तिकीट कशाचं घेतलं?

सातव्या डावाच्या मध्ये सगळं स्टेडियम उभं राहून गाणं म्हणतं, अंग मोकळं करायला. मी पण उभी राहिले. शेजारी एक म्हातारी बाई होती, तिनं लेकीला विचारलं, आई पहिल्यांदाच आली का? मग तिनं सांगितलेलं लेकीनं मला मराठीत सांगितलं. तिच्या आईच्या वेळी "बायकांचा दिवस" असायचा. त्या दिवशी बायकांना फुकट किंवा नाममात्र पैशांत आत सोडायचे. घरी येऊन आम्ही त्याबद्दल वाचलं. १८८० च्या दशकापासून ही पद्धत. मालकांचा विचार असा की बायका आल्या तर पुरुष शिव्या कमी देतात, आणि बाईला गोडी लागली की घरच येतं. शिकागोला जून १९३० मध्ये अशा एका दिवशी तीस हजारांहून जास्त बायका आल्या! पैसे देणाऱ्यांना जागा उरेना. पुढे त्यांनी आधी पत्र लिहून तिकीट मागवायचा नियम केला. मग १९७० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये एका पुरुषानं तक्रार केली की हा पुरुषांवर अन्याय आहे, आणि ती मानली गेली. माझं मत विचाराल तर त्याचं बरोबर होतं. तिकीट सगळ्यांना सारखं असावं. पण त्या तीस हजार बायका घरातून एकाच दिवशी निघाल्या कशा, मागे स्वयंपाकाचं काय केलं, हे मला कुणी तरी सांगायला हवं होतं.

कुणाला कुठं बसू द्यायचं याचे सगळेच हिशेब मात्र इतके गमतीचे नव्हते. सेंट लुईस शहरात १९४४ पर्यंत काळ्या लोकांना उजव्या कोपऱ्यातल्या एकाच भागात बसायला लागायचं, खिशात पैसे असले तरी. आणि १९४७ मध्ये ज्या संघानं जॅकी रॉबिन्सन या काळ्या खेळाडूला मैदानात उतरवलं तो हाच, तेव्हाचा ब्रुकलिनचा डॉजर्स. यांना मी हे वाचून दाखवलं तर यांनी एकच नाव घेतलं, "बाळू." पाळवणकर बाळू. पुण्यात गोऱ्यांच्या आणि हिंदूंच्या क्लबात गोलंदाजी करायचे, पण चहा त्यांना मैदानाबाहेर वेगळ्या मातीच्या भांड्यात मिळायचा. हे मला माहीत नव्हतं. पन्नास वर्षं क्रिकेट ऐकतेय घरात, पण हे कधी माझ्यापर्यंत आलं नव्हतं.

मॅच कोण जिंकलं, असं परवा एकीनं विचारलं. डॉजर्स जिंकले. शेवटच्या डावात काय झालं ते मला नीट कळलं नाही, हे मात्र डावा हात उंच करून ओरडत होते. शब्द नव्हता, नुसता आवाज.

परत आल्यावर मी एक केलं. आपल्याकडे जानेवारीत मैदानावर टेनिस बॉलच्या स्पर्धा होतात, तुम्हाला माहीत आहेच. पूर्वी हे तिथं पंच असायचे. प्रेक्षकांची बसायची जागा म्हणजे सिमेंटच्या पायऱ्या, आणि बाजूला मातीचा चढ. मी भरवणाऱ्या पोरांना जाऊन भेटले. म्हटलं, तुमच्या मांडवाच्या बाजूला सपाट अशी सहा फुटांची जागा सोडा, आणि पुढं लोकांना उभं राहू देऊ नका. पोरं चांगली आहेत. म्हणाली, काकू, काकांसाठी करतोच. मी म्हटलं, काकांसाठीच नाही, दोन-तीन खुर्च्या मावतील एवढी सोडा. वरच्या आळीतले गुरुजी आहेत, पोलिओचा तो मुलगा आहे, तेही येतील. चढावर टाकायला फळ्या कुणाच्या, यावर थोडी चर्चा झाली. शेवटी सेंटरिंगवाल्यानं त्याच्या द्यायचं कबूल केलं.

तिकीट वीस रुपये आहे. रविवारी सकाळी नऊला पहिली मॅच. तुमच्या घरात असं कुणी असेल तर शुक्रवारपर्यंत कळवा, म्हणजे किती फळ्या लागतील त्याचा अंदाज येईल. आणि बरोबर स्वतःही या. डबा घरून आणायला हरकत नाही, पिशवी कसलीही चालेल.